यात्रेचा गल्ला आणि वर्षाचा संसार

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर, पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर श्री जोतिबाचे देवस्थान आहे. चैत्र पौर्णिमेला येथे महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लाखो भाविक येतात. उंच सासनकाठ्या नाचविल्या जातात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, देवाला दवणा वाहिला जातो आणि ‘चांगभलं’च्या गजराने डोंगर दुमदुमून जातो. या भक्तीच्या सोहळ्याबरोबर डोंगरावर एक मोठी पेठही उभी राहते. नारळ, खोबरे, गुलाल, दवणा, प्रसादाचे जिन्नस, खेळणी, चहा-फराळ अशा असंख्य वस्तूंची विक्री त्या थोड्या दिवसांत होते. यात्रा सरली की सासनकाठ्या आपापल्या गावी परततात आणि पेठ पुन्हा शांत होते.

या पेठेची मिळकत वर्षभर सारखी नसते. चैत्र यात्रा हा तिचा मुख्य हंगाम. त्याखालोखाल माघातील रविवारचे खेटे, श्रावण षष्ठीची यात्रा, नवरात्र आणि मग वर्षातील इतर रविवार. उरलेल्या दिवसांत, विशेषतः पावसाळ्यात, उलाढाल मंदावते. खर्चाला मात्र हंगाम नसतो. घरभाडे, वीज, शाळेची फी, औषधपाणी, किराणा आणि कर्जाचा हप्ता हे सर्व दरमहा ठरल्या वेळी येतात. थोड्या दिवसांत आलेल्या पैशावर अनेक महिन्यांचा संसार चालवावयाचा, हा या पेठेपुढील नित्याचा प्रश्न आहे.

नव्याने कमावू लागलेल्या प्रत्येक तरुणापुढे आणि तरुणीपुढे थोड्याफार फरकाने हाच प्रश्न उभा असतो. कोणाला दिवाळीचा हंगाम असतो, कोणाला लग्नसराईचा. कोणाला वर्षाअखेरचा बोनस मिळतो, तर कोणाला दलालीची रक्कम एकदम हाती येते. भरल्या हाताच्या त्या दिवसांत घेतलेले निर्णय पुढे कित्येक वर्षे निस्तरावे लागतात. म्हणून जोतिबाच्या पेठेचा हिशोब सर्वच व्यापारी घरांतील तरुण पिढीने एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

गल्ल्यातील रक्कम कोणाची?

असे समजू की, कोल्हापूरच्या घाऊक बाजारात दुकान असलेल्या एका कुटुंबाने आपल्या २३ वर्षांच्या मुलावर चैत्र यात्रेच्या हंगामाची जबाबदारी सोपविली. डोंगरावरील विक्रेत्यांना खोबरे व प्रसादाचे जिन्नस पुरवावयाचे, हे त्याचे काम. आकडे कल्पित आहेत आणि सोयीसाठी कर बाजूला ठेवला आहे. पंधरा दिवसांत ५,००,००० रुपयांची विक्री झाली. त्यापैकी ३,५०,००० रुपये रोख आले व १,५०,००० रुपये उधारीवर राहिले. विकलेल्या मालाची खरेदी ४,२०,००० रुपयांची होती आणि ती रक्कम पुरवठादाराला ३० दिवसांत द्यावयाची होती. वाहतूक, हमाली व मदतनिसांची मजुरी यांवर २५,००० रुपये रोखीने खर्च झाले.

यात्रा संपली त्या रात्री मुलाच्या हाती ३,२५,००० रुपये आहेत. एवढी रक्कम त्याने आयुष्यात प्रथमच मोजलेली असते. आपण मोठी कमाई केली असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. आता कागद घ्यावा आणि हिशोब मांडावा. पुरवठादाराचे देणे ४,२०,००० रुपये आहे. म्हणजे हाती असलेली सर्व रोख दिली, तरी ९५,००० रुपये कमीच पडतात. उधारीचे १,५०,००० रुपये पूर्ण वसूल झाले, तरच देणे फिटते आणि ५५,००० रुपये नफा उरतो. उधारीपैकी केवळ एक तृतीयांश, म्हणजे ५०,००० रुपये बुडाले, तर साऱ्या हंगामाचा नफा ५,००० रुपयांवर येतो.

आता त्या रात्रीच्या आनंदात त्याने नव्या मोटारसायकलसाठी ६०,००० रुपये भरले, तर पुरवठादाराच्या देण्यात पडणारी तूट ९५,००० वरून १,५५,००० रुपयांवर जाते. उधारी शेवटच्या रुपयापर्यंत वसूल झाली, तरी ५,००० रुपये कमीच पडतात. मोटारसायकल दाराशी उभी राहते आणि पुरवठादाराला ‘आठ दिवस थांबा’ असे सांगण्याची वेळ येते. यात मुलाने चोरी केलेली नाही, लबाडीही केलेली नाही. गल्ल्यातील पैसा आणि आपला पैसा यांतील फरक त्याला कोणी समजावून सांगितला नाही, एवढेच. परंतु बाजार कारण विचारत नाही. बाजारात त्या घराच्या शब्दाला जी किंमत वडिलांनी आणि आजोबांनी मिळविलेली असते, ती या आठ दिवसांत खर्ची पडते.

यासाठी तरुणाने प्रत्येक मिळकतीकडे पाहताना ती कोणाकोणाची आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. पहिला हक्क ज्याचा माल घेतला त्याचा. दुसरा सरकारचा, ग्राहकाकडून जीएसटी म्हणून घेतलेली रक्कम आपल्याकडे काही दिवस केवळ ठेवीसारखी असते. तिसरा हक्क भाडे, मजुरी आणि कर्जाचा हप्ता यांचा. चौथा पुढील हंगामाच्या भांडवलाचा. पाचवा घरखर्चाचा. हे सर्व वजा जाता जे उरेल, त्यातूनच स्वतःच्या हौसेचा विचार करावा. नोकरदार तरुणाच्या बाबतीत माल व भांडवल नसेल, पण भाडे, कर, हप्ता आणि आईवडिलांच्या हाती द्यावयाची रक्कम हा क्रम तोच राहतो.

पूर्वी गल्ला लाकडी पेटीत असे. मुलाने हात घातला तर वडिलांच्या किंवा मुनीमजींच्या नजरेस पडे. आता गल्ला मोबाइलमध्ये आला आहे. डोंगरावरील लहान विक्रेताही क्यूआर कोडचा फलक लावून बसतो. ही सोय उत्तमच आहे. सुट्ट्या पैशांचा घोळ मिटतो आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. मात्र तो कोड मुलाच्या वैयक्तिक बचत खात्याशी जोडलेला असेल, तर दुकानाचा पैसा आणि मित्रांबरोबरच्या जेवणाचा पैसा एकाच खात्यातून वाहू लागतो आणि महिनाअखेरीस कोणता रुपया कुठला, हे सांगता येत नाही. व्यवसायाचे चालू खाते वेगळे ठेवावे. व्यवसायाचा कोड त्याच खात्याला जोडावा आणि स्वतःच्या खर्चासाठी ठरलेली रक्कम महिन्यातून एकदाच बचत खात्यात वर्ग करावी. या एका शिस्तीने निम्मा गोंधळ मिटतो.

हप्ता पंचांग पाहत नाही

जोतिबाची यात्रा चांद्र पंचांगाप्रमाणे येते, तर बँकेचा हप्ता इंग्रजी तारखेप्रमाणे. २०२० मध्ये चैत्र पौर्णिमा ८ एप्रिलला होती आणि २०२१ मध्ये २७ एप्रिलला. मध्ये अधिक आश्विन आल्यामुळे हे अंतर ३८४ दिवसांचे झाले. त्यापुढील चैत्र पौर्णिमा १६ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे ३५४ दिवसांनी आली. ज्याचा हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला असेल, त्याला पहिल्या अंतरात १३ हप्ते भरावे लागतात आणि दुसऱ्या अंतरात १२. पंचांगातील अधिक महिन्याचा खर्चही यात्रेच्या मिळकतीतून काढून ठेवावा लागतो, हे हंगामी धंद्यातील तरुणाने प्रथम लक्षात घ्यावे.

त्या वर्षांत प्रश्न केवळ एका अधिक महिन्याचा नव्हता. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये देवस्थाने बंद झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि चैत्र यात्रा तर अवघ्या दोन आठवड्यांवर होती. ती रद्द झाली. मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि दुसरी चैत्र यात्राही भाविकांविना गेली. त्यानंतर मंदिरे उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला. म्हणजे १९ एप्रिल २०१९ च्या यात्रेनंतर पूर्ण भरलेली चैत्र यात्रा १६ एप्रिल २०२२ रोजीच झाली. जी मिळकत एका वर्षासाठी धरली होती, तिच्यावर जवळजवळ तीन वर्षे काढण्याचा प्रसंग आला.

यात्रेचा माल साहजिकच यात्रेपूर्वी भरावा लागतो. ज्याने तो स्वतःच्या पैशाने भरला होता, त्याचा पैसा अडकला. हे नुकसानच, पण सोसण्याजोगे. ज्याने उधारीवर भरला होता, त्याच्यापुढे न विकलेला माल आणि मागणीचा तगादा एकाच वेळी उभे राहिले. आणि ज्याने येणाऱ्या यात्रेच्या भरवशावर वाहनाचे अथवा घराच्या सजावटीचे कर्ज काढले होते, त्याच्यावर तिसरा भारही पडला.

त्या काळात रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. ही सवलत १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची होती. अनेक तरुण कर्जदारांनी तिचा अर्थ ‘हप्ता माफ’ असा घेतला. प्रत्यक्षात हप्ता केवळ पुढे ढकलला गेला होता. व्याजाची आकारणी चालूच होती. दोन लाख रुपये बाकी असलेल्या कर्जावर १२ टक्के दराने सहा महिन्यांचे सरळ व्याजच १२,००० रुपये होते. व्याजावरील व्याजाचा भार दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांसाठी पुढे सरकारने उचलला, परंतु मूळ व्याज कर्जदारालाच द्यावे लागले. ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्यासाठी ही सवलत मोलाची ठरली. ज्यांना हप्ता भरणे शक्य असूनही केवळ सवलत मिळते म्हणून तो थांबविला, त्यांनी अकारण व्याज ओढवून घेतले.

या अनुभवातून एक साधा नियम निघतो. कायमची बांधिलकी भरल्या महिन्याच्या मिळकतीवर ठरवू नये. वर्षातील सर्वांत ओढगस्तीच्या महिन्याच्या मिळकतीवर ठरवावी. एखाद्या तरुणाची वर्षाची सरासरी मासिक मिळकत ३०,००० रुपये आहे, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती १८,००० रुपयांवर येते, असे समजू. मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक हप्ता नसावा असे धरले, तर सरासरीप्रमाणे त्याला १०,००० रुपयांचा हप्ता परवडतो असे दिसेल. पावसाळ्याच्या हिशोबाने मात्र तो ६,००० रुपयांपर्यंतच परवडतो. मधले ४,००० रुपये चार महिन्यांत १६,००० रुपयांची तूट निर्माण करतात आणि ही तूट बहुधा क्रेडिट कार्डावर किंवा हातउसन्या पैशावर भागविली जाते. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के दर असेल, तर २०,००० रुपयांवर महिन्याला ७०० आणि वर्षाला ८,४०० रुपये केवळ व्याजात जातात. किमान रक्कम भरली म्हणजे देणे भागले, हा समज फार महाग पडतो.

तीन वर्षांची बेगमी कोणालाही करता येत नाही, हे खरे आहे. पण सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवणे बहुतेकांना दोन-तीन वर्षांत साधते आणि तेवढ्याने विचार करावयास उसंत मिळते. ही रक्कम कुठे ठेवावी, हेही महत्त्वाचे. ती हवी तेव्हा मिळाली पाहिजे आणि सुरक्षितही राहिली पाहिजे. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. नागरी सहकारी बँकांनाही हे संरक्षण मिळते. पतसंस्थांतील ठेवींना मात्र ते मिळत नाही. दीड-दोन टक्के अधिक व्याजासाठी कुटुंबाची सर्व गंगाजळी ओळखीच्या एकाच पतसंस्थेत ठेवण्याची प्रवृत्ती व्यापारी घरांत आढळते. अडचणीच्या दिवसांसाठी राखलेला पैसा तरी तेथे ठेवू नये.

जामीनकीची सही

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की कायद्याने करार करण्याची पात्रता येते. त्यानंतर लवकरच कोणीतरी मित्र किंवा नातलग एक कागद पुढे करतो. ‘फक्त सही हवी आहे, पैसे तुला द्यावयाचे नाहीत,’ असे सांगितले जाते. चुलतभाऊ असतो, आतेभाऊ असतो, कधी शाळेपासूनचा सोबती असतो. नाही म्हणणे कठीण जाते आणि सही होते.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने हप्ते थकविले तर बँक थेट जामीनदाराकडे मागणी करू शकते. आधी कर्जदाराची मालमत्ता विकून पाहिलीच पाहिजे, असे बंधन तिच्यावर नसते. शिवाय हे कर्ज जामीनदाराच्या पतअहवालातही दिसते. ३०० ते ९०० या मोजपट्टीवर ज्या सिबिल गुणांकाने पुढे त्याच्या स्वतःच्या गृहकर्जाचा अथवा व्यवसायकर्जाचा विचार होणार असतो, त्यावर दुसऱ्याच्या थकबाकीची छाया पडते. वयाच्या २२ व्या वर्षी केलेली सही ३० व्या वर्षी आडवी येते, ती अशी.

व्यापारी समाज परस्परांच्या विश्वासावर उभा आहे. कोणी कोणाला जामीन राहूच नये, असे म्हटले तर तो विश्वासच संपेल. म्हणून कसोटी अशी असावी की, ही सर्व रक्कम उद्या स्वतःला भरावी लागली तर ती भरता येईल काय आणि भरल्यावरही नाते टिकेल काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तरच सही करावी. अन्यथा नम्रपणे सांगावे, ‘दादा, घरात विचारल्याशिवाय सही करावयाची नाही, असा आमच्याकडे नियम आहे.’ घराने असा नियम खरोखर करावा, म्हणजे तरुणाला एकट्याने नकाराचा भार वाहावा लागत नाही.

घरच्या मुलाला पगार

अनेक दुकानांतून घरचा मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत राबतो, पण त्याला ठरलेला पगार नसतो. लागेल तेव्हा गल्ल्यातून घ्यावे, अशी रीत असते. यामागे प्रेम असते. ‘सारे त्याचेच तर आहे’ ही भावना असते. परंतु या रीतीने मुलाला आपली कमाई किती आणि खर्च किती, हे कधीच कळत नाही. बाहेर नोकरी करणारा त्याचा मित्र २५,००० रुपयांत महिना काढावयास शिकतो. दुकानातील मुलगा त्याहून अधिक खर्च करूनही आपण काहीच घेत नाही, असे समजतो. वडिलांना मुलगा उधळ्या वाटतो आणि मुलाला वडील प्रत्येक रुपयाचा जाब विचारणारे वाटतात. पैशावरून घरात होणाऱ्या कित्येक कलहांचे मूळ या न ठरलेल्या पगारात असते.

मुलगा असो वा मुलगी, दुकानात काम करणाऱ्याला ठरलेला पगार ठरल्या तारखेला खात्यात द्यावा. त्यातून त्याने अथवा तिने घरखर्चाला थोडी का होईना रक्कम द्यावी, एखादा विम्याचा हप्ता स्वतः भरावा आणि उरलेल्याचा हिशोब स्वतः ठेवावा. पगार संपला तर गल्ल्यातून उचल नाही. पुढल्या तारखेपर्यंत थांबावयाचे. हे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे तत्त्व फार मोठ्या पायावर राबविले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने सामान्य घरांतील मुलांनी स्वतःच्या श्रमांतून आपल्या शिक्षणाचा खर्च उचलावा, ही त्यांची दृष्टी होती. मुलाला फुकट मिळालेल्या मदतीपेक्षा त्याने कमावलेला रुपया त्याला अधिक घडवितो, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी आपले दागिने दिले. ज्या मुलांसाठी दागिने दिले, त्यांच्याकडून श्रमाचीही अपेक्षा ठेवली. मायेबरोबर शिस्तही असावी लागते, याचे याहून समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल.

मुलींचा उल्लेख येथे औपचारिकतेसाठी नाही. हिंदू वारसा कायदा जैन समाजालाही लागू आहे आणि ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या हक्काबरोबर तेवढीच जबाबदारीही आली. तरीही बऱ्याच घरांत मुलीला आणि सुनेला कुटुंबावर कर्ज किती, विमा कोणता आणि ठेवी कुठे, याची माहिती नसते. संकट घरातील कर्त्या पुरुषावरच आले, तर कागद शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. वर्षातून एकदा घरातील सर्व सज्ञान माणसांनी एकत्र बसून येणे, देणे, ठेवी आणि विमा यांची यादी वाचावी. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी हे करणे सहज शक्य आहे.

परिग्रहाचे परिमाण

पैशाच्या नियोजनाविषयी आज पुष्कळ सल्ले मिळतात. त्यांतील बहुतेक पैसा कसा वाढवावा, याविषयी असतात. पुरे कधी म्हणावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे परिग्रह-परिमाण व्रत नेमके याच प्रश्नाला भिडते. घर, जमीन, सोने, धन, धान्य यांची मर्यादा स्वतः आधी ठरवून घ्यावयाची आणि ती ओलांडावयाची नाही. हे व्रत संसार सोडण्यास सांगत नाही. श्रावकाने कमवावे, घर चालवावे, दान द्यावे. फक्त इच्छेला स्वतःच्या हाताने सीमा घालावी. मर्यादा मिळकतीपूर्वी ठरवावयाची असते, हे त्यातील मर्म आहे. गल्ला भरल्यानंतर ठरविलेली मर्यादा बहुधा गल्ल्याएवढीच मोठी होते.

दानाचेही असेच आहे. हंगामानंतर उरले तर देऊ, असे म्हणणाऱ्याकडे सहसा काही उरत नाही. नफ्याचा ठरावीक हिस्सा, मग तो कितीही लहान असो, हिशोबाच्या वेळीच वेगळा काढावा. मात्र पुरवठादाराचे देणे थकवून मोठ्या बोलीचा मान घेऊ नये. तो पैसा खरे तर दुसऱ्याचा असतो आणि अचौर्य व्रत सांभाळणाऱ्याने याचा विचार केला पाहिजे.

सायंकाळचे प्रतिक्रमण म्हणजे दिवसभरातील दोषांकडे मागे वळून पाहणे. व्यापाऱ्याच्या वहीत रोजमेळाचे स्थान तेच आहे. दिवस संपताना जमा किती, नावे किती आणि शिल्लक जुळते की नाही, हे तरुणाने स्वतःच्या हाताने लिहावे. मोबाइलमधील नोंदी आपोआप होतात, पण त्या वाचल्या जात नाहीत. हाताने लिहिलेला आकडा मनात राहतो. त्यासाठी रोज दहा मिनिटे पुरतात.

चैत्र यात्रा आर्थिक वर्षाच्या आरंभीच्या दिवसांत येते, ही एक सोयीची गोष्ट आहे. ३१ मार्चला वर्षाचा हिशोब पुरा होतो आणि नव्या वहीत नवा हंगाम येतो. ज्या घरांत या वर्षी एखादा मुलगा अथवा मुलगी प्रथमच गल्ल्यावर बसणार असेल, तेथे वडीलधाऱ्यांनी किल्ली हाती देण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: पगार किती, बाजाराचे देणे किती आणि कोणत्या तारखेला, आणि कोणत्या सहीसाठी घरात विचारावे लागेल. मुलांनीही हंगाम सरल्यावर त्याच कागदावर आपला हिशोब मांडून तो वडिलांसमोर ठेवावा. तूट आली असेल तर तीही लिहावी. पहिल्या वर्षी पाच हजारांची तूट कागदावर स्पष्ट दिसली, तर ती दहाव्या वर्षी पाच लाखांची होत नाही.